विश्लेषण : सापळे लावूनही फळात अळी का? वाशीच्या विकिरण केंद्रापासून डोंबिवलीच्या अंगणापर्यंत फळमाशीचं कोडं

मे २०२५ मध्ये नवी मुंबईतून विमानानं अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथल्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. माल परत न्या किंवा इथेच नष्ट करा, असे दोनच पर्याय निर्यातदारांपुढे होते. नाशवंत फळ परत आणायचं तर विमानभाडं आंब्याच्या किमतीपेक्षा जास्त. अखेर आंबा तिथेच नष्ट करावा लागला. निर्यातदारांच्या अंदाजानुसार नुकसान सुमारे पाच लाख डॉलरचं होतं.

आंबा किडका होता म्हणून हे घडलं नाही. वाशीच्या केंद्रात ८ आणि ९ मे रोजी झालेल्या विकिरण प्रक्रियेच्या कागदपत्रांत त्रुटी होत्या, असं अमेरिकी यंत्रणांचं म्हणणं होतं. त्यावरून चूक कोणाची हा वाद रंगला. पण एका कागदावर १५ खेपांचं भवितव्य का ठरावं, याचं उत्तर जेमतेम आठ मिलिमीटर लांबीच्या एका माशीत आहे. आंबा, पेरू, चिकू, संत्रं अशा कितीतरी फळांत अंडी घालणारी ही फळमाशी ओळखायची कशी, सापळे लावूनही ती आटोक्यात का येत नाही आणि ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या आवारातल्या झाडांचा तिच्याशी काय संबंध आहे, हे समजून घेऊ.

वाशीच्या केंद्रात आंब्याचं नेमकं काय करतात?

ठाणे जिल्ह्यातल्या वाशीत महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचं निर्यात सुविधा केंद्र आहे. परदेशी जाणाऱ्या आंब्यावर इथे देशानुसार वेगवेगळी प्रक्रिया होते. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे इतक्या मात्रेची किरणं दिली जातात. फळात अंडी किंवा अळी असलीच, तर तिच्यापासून पुढे पिढी वाढू नये, हा त्यामागचा हेतू. यामुळे आंबा किरणोत्सारी होत नाही आणि त्याचा रंग किंवा आकारही बदलत नाही.

नेमकी अडचण इथेच आहे. किरणं दिलेला आणि न दिलेला आंबा शेजारी ठेवला तर बघून फरक कळत नाही. पलीकडच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याला प्रक्रिया झाल्याची खात्री देणारा पुरावा म्हणजे फक्त कागद. म्हणून कागदातली चूक ही फळातल्या अळीइतकीच गंभीर मानली जाते.

युरोपसाठी गरम पाण्याची किंवा उष्ण वाफेची प्रक्रिया चालते. गरम पाण्याच्या पद्धतीत ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात आंबा ६० मिनिटं बुडवून ठेवतात. जपानला जाणाऱ्या आंब्यावर उष्ण वाफेची प्रक्रिया करावी लागते.

या सगळ्या खटाटोपामागे जुना अनुभव आहे. अमेरिकेची बाजारपेठ भारतीय आंब्याला २००७ मध्ये पुन्हा खुली झाली ती विकिरणाच्या अटीवरच. तेव्हा पहिला माल नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रातून गेला होता. करोनाकाळात अमेरिकी निरीक्षक भारतात येऊ शकले नाहीत, तर निर्यातच थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली.

युरोपीय संघानं तर १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदीच घातली होती. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशीसह इतर किडी सापडल्या, हे त्याचं कारण. आंब्याबरोबर वांगं, अळू, कारलं आणि पडवळ यांच्यावरही बंदी आली. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, तीही प्रक्रिया आणि तपासणीची व्यवस्था सुधारल्यानंतर.

फळमाशी म्हणजे केळ्यांवर घोंगावणारी चिलटं का?

नाही. पिकलेल्या केळ्यांवर किंवा ओल्या कचऱ्याच्या डब्यावर दिसणारी दोन-तीन मिलिमीटरची चिलटं वेगळ्या कुळातली आहेत. इंग्रजीत दोघींनाही एकच नाव वापरतात, त्यामुळे समाजमाध्यमांवर हमखास गल्लत होते. चिलटं सडू लागलेल्या, फुटलेल्या फळावर येतात. ती झाडावरच्या धडधाकट फळाला भोक पाडत नाहीत. वाटीत व्हिनेगर ठेवून चिलटं मारण्याची युक्ती स्वयंपाकघरात चालते, पण बागेतल्या फळमाशीवर तिचा उपयोग नाही.

खरी फळमाशी घरमाशीएवढी किंवा किंचित मोठी असते. लांबून पाहिली तर लहानशी गांधीलमाशी वाटावी. आपल्याकडे फळबागांत तिच्या तीन जाती प्रामुख्यानं आढळतात. शास्त्रीय भाषेत त्यांना बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, बॅक्ट्रोसेरा झोनाटा आणि बॅक्ट्रोसेरा करेक्टा म्हणतात. आंब्यात सर्वाधिक त्रास देणारी डॉर्सालिस ओळखायला सोपी आहे. पाठीवर दोन पिवळे पट्टे, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळसर खूण आणि पारदर्शक पंखांच्या पुढच्या कडेला बारीक गडद रेघ. झोनाटा तांबूस असते आणि तिच्या पंखाच्या टोकाशी फक्त एक ठिपका असतो.

कारली, काकडी, दुधी, दोडका अशा वेलवर्गीय भाज्यांवर येणारी माशी आणखी निराळी. मुरबाड-शहापूरकडच्या वेलभाज्यांच्या मांडवात कारलं वाकडं होऊन पिवळं पडतं, त्यामागे बहुतेकदा हीच असते. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण दोघींचे सापळेही वेगळे.

फळाला बाहेरून भोक नाही, मग आत अळी गेली कशी?

अळी बाहेरून आत जातच नाही, ती आतच जन्मते. फळमाशीच्या मादीच्या पोटाच्या टोकाला सुईसारखा अवयव असतो. फळ पाडाला येऊ लागलं, साल मऊ होऊ लागली की मादी तो सालीत खुपसून आत अंडी घालते. टोचल्याची खूण टाचणीच्या टोकाएवढी असते आणि अनेकदा नजरेलाही पडत नाही. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात आणि पांढरट, बिनपायाच्या अळ्या गर खात वाढतात. म्हणून बाजारातून आणलेला, वरून निर्दोष दिसणारा आंबा अढीत पिकल्यावर आतून किडका निघतो.

अळी आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ण वाढते. तोवर फळ बहुधा गळून जमिनीवर पडलेलं असतं. अळी फळातून बाहेर पडते आणि काही सेंटिमीटर खोल मातीत शिरून कोष करते. पूर्ण वाढलेली अळी अंग धनुष्यासारखं वाकवून टुणकन उडी मारते. ही तिची खास ओळख. साधारण दहा-बारा दिवसांनी मातीतून नवी माशी बाहेर येते. उन्हाळ्यात हे अख्खं चक्र महिनाभरात पूर्ण होतं आणि एक मादी आयुष्यात हजाराच्या वर अंडी घालू शकते.

या चक्रातला सर्वात महत्त्वाचा टप्पा म्हणजे जमिनीवर पडलेलं फळ. पुढची पिढी तिथून मातीत उतरते. फवारणी झाडावर होते, सापळा फांदीला लागतो आणि कीड मात्र झाडाखालच्या मातीत तयार होत असते.

अळी पोटात गेली तर?

फळमाशीची अळी फळावर जगणारी आहे, माणसाच्या शरीरात वाढणारी नाही. चुकून एखादा घास गेला म्हणून घाबरण्याचं कारण नाही. पण अळ्या पडलेलं फळ आतून सडू लागलेलं असतं, त्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात. त्यामुळे किडका भाग कापून उरलेलं खाण्यापेक्षा ते फळ टाकून देणं बरं.

फळ किडकं निघालं की दोष फळमाशीचाच का?

नाही. चुकीची ओळख झाली की चुकीचा उपाय होतो आणि पैसा वाया जातो. याचं सर्वात ठळक उदाहरण विदर्भातल्या संत्र्याचं.

काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात आंबिया बहाराची संत्री पावसाळ्याच्या शेवटी मोठ्या प्रमाणावर गळतात. नागपूरला भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, ती याच पिकांवर काम करते. फळगळीची कारणं अनेक असतात. झाडाला अन्न कमी पडणं, पाणी साचणं, बुरशी, फळमाशी आणि रस शोषणारा पतंग. शेवटच्या दोघांची गल्लत सर्वाधिक होते.

फळमाशीनं डंख मारलेल्या संत्र्यावर बारीक टोचा आणि त्याभोवती पिवळसर डाग दिसतो. फळ वेळेआधीच पिवळं पडून गळतं आणि फोडलं तर आत अळ्या मिळतात. रस शोषणारा पतंग रात्री येतो, सोंडेनं सालीला भोक पाडतो आणि रस पिऊन निघून जातो. भोक दाबलं की रस बाहेर येतो, त्या जागी फळ सडतं, पण आत पतंगाच्या अळ्या नसतात. त्याच्या अळ्या बांधावरच्या गुळवेल, वासनवेल यांसारख्या वेलींवर वाढतात. त्यामुळे पतंगाचा बंदोबस्त वेली काढणं आणि संध्याकाळनंतर बागेत धूर करणं अशा उपायांनी करतात. फळमाशीचा सापळा त्याला पकडत नाही. देठाकडून काळपट सड सुरू झाली असेल तर बुरशीचा संशय घ्यावा.

हापूसमध्येही अशी गल्लत होते. कापल्यावर गराचा काही भाग पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट निघाला तर तो साका. ती फळातलीच विकृती आहे, कीड नव्हे. कोय फोडल्यावर आत काळा भुंगा निघाला तर तो कोयीतला भुंगा, त्याचा फळमाशीशी संबंध नाही. गरात वळवळणाऱ्या, उडी मारणाऱ्या पांढऱ्या अळ्या असतील तरच फळमाशी.

सापळ्यात माशांचा खच, तरी फळ किडकं. असं का?

फळबागेतल्या प्लास्टिकच्या डब्यासारख्या सापळ्यात मिथाईल युजेनॉल नावाचं रसायन वापरतात. बोलीभाषेत त्याला कामगंध सापळा म्हणतात, पण हा मादीचा गंध नाही. हे रसायन तुळशीसह अनेक वनस्पतींमध्ये असतं. नर त्याच्याकडे प्रचंड वेगानं ओढले जातात. बिहारमधल्या पुसा इथल्या संशोधन संस्थेत काम करणारे कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. हॉवलेट यांनी १९१२ मध्ये सिट्रोनेला तेलाकडे या माश्यांचे नर येतात, अशी नोंद केली आणि पुढच्या काही वर्षांत त्यामागचं रसायन शोधलं. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या या तंत्राची सुरुवात भारतात झाली आहे.

कोकणात दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं याच तत्त्वावर 'रक्षक' सापळा विकसित केला. तो स्वस्त आहे, वापरायला सोपा आहे आणि बागायतदारांमध्ये रुळलेला आहे.

पण या सापळ्यात अडकतात ते फक्त नर. फळ टोचते ती मादी. नर कमी झाले की माद्यांचं मीलन होत नाही आणि पुढची पिढी घटते, असा हिशेब आहे. तो जमायचा तर परिसरातले जवळपास सगळे नर पकडले गेले पाहिजेत, कारण एक नर अनेक माद्यांशी मीलन करतो. समजा एखाद्या वाडीत १०० नर होते आणि ९० सापळ्यात पडले. डबा भरलेला दिसतो, बागायतदार निश्चिंत होतो. उरलेले दहा नर मात्र बहुतेक माद्यांना पुरे पडतात.

दुसरी गोष्ट, शेजारच्या वाडीत सापळे नसतील तर तिथे मीलन झालेल्या माद्या उडत या वाडीत येतात. माशीला बांध कळत नाही. म्हणून एकट्यादुकट्यानं लावलेला सापळा हा उपायापेक्षा मोजपट्टी म्हणून अधिक कामाचा. आठवड्याला किती नर सापडतात, संख्या केव्हा वाढू लागली, हे त्यातून कळतं आणि पुढची पावलं वेळेवर उचलता येतात.

तिसरी चूक गंधाची. वेलभाज्यांवरची माशी मिथाईल युजेनॉलकडे येत नाही, तिच्यासाठी क्यू ल्यूर हा वेगळा गंध लागतो. आंब्याचा सापळा कारल्याच्या मांडवात लावला तर डबा रिकामाच राहणार.

मग बागायतदारानं काय करावं?

एकाच उपायावर विसंबून न राहता चक्र जिथे जिथे तोडता येईल तिथे तोडणं, हाच मार्ग आहे.

पहिला आणि सर्वात स्वस्त उपाय म्हणजे गळलेली फळं गोळा करणं. रोज, निदान एक दिवसाआड. ती बांधावर फेकून उपयोग नाही. साधारण दोन फूट खोल खड्ड्यात पुरून वर माती दाबावी, किंवा काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस उन्हात ठेवावीत. उथळ पुरलेल्या फळातून माश्या सहज बाहेर येतात.

दुसरा, झाडाखालची माती वरचेवर हलवणं. कोष उघडे पडले की ऊन, मुंग्या आणि पक्षी उरलेलं काम करतात.

तिसरा, सापळे वेळेवर आणि पुरेसे लावणं. फळं पाडाला येण्याच्या बऱ्याच आधी, काढणीच्या साधारण दोन महिने अगोदर ते झाडावर हवेत. किती सापळे लावायचे हे पिकानुसार ठरतं. त्यासाठी कृषी विद्यापीठाची किंवा कृषी विभागाची त्या पिकासाठीची शिफारस पाहावी. गंधाचा बोळा ठरलेल्या मुदतीत बदलावा.

चौथा, मादीसाठी आमिष. अंडी पक्व होण्यासाठी मादीला प्रथिनं लागतात. म्हणून प्रथिनयुक्त किंवा गुळाच्या आमिषात शिफारशीतलं कीटकनाशक मिसळून ते झाडाच्या काही भागावर ठिपक्यांसारखं टाकतात. सगळ्या झाडावर फवारणी करावी लागत नाही आणि फळावर औषध कमी बसतं.

पाचवा, कागदी पिशवी. फळ अंड्याएवढं झालं की त्याला पिशवी घालण्याची पद्धत कोकणात आंब्यासाठी रूढ होत आहे. मजुरी जास्त लागते, पण मादी फळापर्यंत पोहोचतच नाही. पेरूसाठीही हा उपाय चांगला चालतो.

सहावा, वेळेवर काढणी. झाडावर पिकू दिलेल्या फळाला धोका सर्वाधिक. त्यातही पाऊस पडला की माशीची संख्या झपाट्यानं वाढते. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. असं घडतं तेव्हा झाडावर उरलेल्या शेवटच्या आंब्याला फळमाशी हमखास गाठते.

व्हॉट्सॲपवर फिरणारी 'डीडीव्हीपी'ची कृती वापरावी का?

अजिबात नको. मिथाईल युजेनॉलमध्ये डायक्लोरव्हॉस म्हणजे डीडीव्हीपीचे थेंब टाका, असा सल्ला जुन्या लेखांत आणि पुढे ढकलल्या जाणाऱ्या संदेशांत अजूनही सापडतो. केंद्र सरकारच्या आदेशानुसार भारतात या कीटकनाशकाच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. फेन्थिऑन हे औषधही २०१८ मध्ये बाद झालं. त्यामुळे कोणतीही कृती वापरण्याआधी ती केव्हाची आहे हे पाहावं आणि डब्यावरच्या लेबलात त्या पिकाचं नाव आहे का, याची खात्री करावी. सोसायटीच्या आवारात किंवा घरच्या झाडावर तर कीटकनाशकाची गरजच पडत नाही. फळं वेचणं आणि पिशवी घालणं पुरतं.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा यात काय संबंध?

पहिला संबंध थेट आहे. हापूसला २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि पालघरबरोबर ठाणे जिल्हाही आहे. म्हणजे मुरबाड-शहापूरकडचा आंबा उत्पादकही त्या नावाचा वाटेकरी आहे, आणि बाजारात नाव खराब झालं तर तोट्याचाही.

दुसरा संबंध कमी लक्षात येतो. फळमाशीला वर्षभर फळ लागतं. उन्हाळ्यात आंबा, मग जांभूळ, पावसाळ्यात पेरू, अधूनमधून चिकू आणि जवळपास प्रत्येक रस्त्यावर, शाळेच्या आवारात, जुन्या चाळीच्या अंगणात असलेला देशी बदाम. या बदामाच्या पिवळ्या-लाल फळांत फळमाशी आनंदानं वाढते. ही झाडं कोणी काढणीसाठी लावलेली नसतात, त्यामुळे फळं खाली पडून तशीच सडतात. बागायतदार निदान फळं वेचतो. शहरात ते कोणाचंच काम नसतं. आंब्याचा हंगाम संपल्यावर माशी उपाशी मरत नाही, ती फक्त जेवणाचं ठिकाण बदलते.

याचा अर्थ झाडं तोडायची असा नाही. खाली पडलेली फळं रोजच्या झाडलोटीत उचलली जावीत आणि पिशवीत घट्ट बांधून ओल्या कचऱ्यात जावीत, एवढंच. सोसायटीच्या खतखड्ड्यात किडकी फळं वरवर टाकणं टाळावं. खड्डा पुरेसा तापत नसेल तर तो माशीचं पाळणाघर होतो.

परसातल्या फळांचं महत्त्व अमेरिकेला नुकतंच कळलं. कॅलिफोर्नियातलं रेडलँड्स हे संत्र्याच्या बागांसाठी ओळखलं जाणारं शहर. तिथे हीच डॉर्सालिस माशी सापडली आणि जानेवारी २०२४ मध्ये सरकारनं दोन हजारांहून अधिक घरांच्या अंगणातल्या झाडांवरची फळं उतरवण्याचा निर्णय घेतला. घरोघरी जाऊन संत्री, लिंबं काढली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातला फळमाशीचा प्रादुर्भाव संपल्याचं जाहीर झालं. अशा माश्या बहुधा प्रवाशांनी परदेशातून आणलेल्या फळांतून शिरतात, असं तिथले अधिकारी सांगतात.

ठाणे-डोंबिवलीतल्या अनेक घरांसाठी ही गोष्ट परक्याची नाही. लेकीला, नातवंडांना भेटायला निघालेल्या आजी-आजोबांच्या बॅगेत चार हापूस ठेवले जातात. वाशीत प्रक्रिया झालेल्या पेटीला एवढे सोपस्कार आणि या चार आंब्यांना काहीच नाही. अमेरिकेत असं फळ जाहीर न करता नेलं तर ते जप्त होतं आणि दंडही होऊ शकतो.

फळमाशीचा पूर्ण नायनाट शक्य आहे का?

बेटांवर झाला आहे. जपाननं ओकिनावा बेटांवरून १९८६ पर्यंत डॉर्सालिस माशी संपवली. त्यासाठी नर पकडण्याचंच तंत्र वापरलं, पण एका बागेत नव्हे तर अख्ख्या बेटांवर एकाच वेळी. वेलभाज्यांवरच्या माशीसाठी प्रयोगशाळेत वाढवलेले निर्बीज नर मोठ्या संख्येनं सोडले आणि १९९३ मध्ये ती मोहीम फत्ते झाली. तोवर ओकिनावाचं प्रसिद्ध कारलं जपानच्या मुख्य भूमीवर विकायलाही बंदी होती.

भारतात हे तसंच घडणं कठीण आहे. माशी इथलीच आहे, तिला अडवणारा समुद्र नाही आणि वर्षभर कुठे ना कुठे फळ आहे. पण ओकिनावाचा धडा इथेही लागू पडतो. सापळ्याचं यश त्याच्या संख्येपेक्षा तो किती सलग क्षेत्रावर एकाच वेळी लागला यावर ठरतं. आज सापळ्याचा निर्णय प्रत्येक बागायतदार आपापल्या खिशाप्रमाणे घेतो. ग्रामपंचायत, कृषी विभाग किंवा शेतकरी उत्पादक कंपनीनं गावभर एकाच आठवड्यात सापळे लावून घेतले, नोंदी एकत्र ठेवल्या आणि गळालेली फळं उचलण्याची व्यवस्था केली, तर तेवढ्याच पैशात परिणाम कितीतरी जास्त मिळेल.

वाशीचं केंद्र ही शेवटची चाळणी आहे. तिथल्या यंत्रणेत आणि कागदांत चूक होऊ नये हे खरंच, पण ती चाळणी फक्त निर्यातीच्या पेट्यांसाठी चालते. कल्याणच्या बाजारात येणारं संत्रं, डोंबिवली स्टेशनबाहेर हातगाडीवर मिळणारा पेरू आणि घरच्या अढीतला हापूस यांच्यासाठी अशी चाळणी कुठेच नाही. त्यांचं संरक्षण झाडाखाली पडलेलं फळ कोणी उचलतं की नाही, यावरच अवलंबून आहे.